क्यूपर्यंत

डिक्शनरी मी वजनावर घेतली.
मोर्शीच्या बाजारात, हबीबभाईच्या काट्यावर
सव्वा किलो भरली, पुठ्ठ्यासकट.
"पुठ्ठ्याचे पैसे नाही घेत," तो म्हणाला,
"अन् उधईनं खाल्लं त्याचेही नाही."
म्हणजे आरपासून झेडपर्यंत फुकट.
ते नव्हतंच.

दिवसभर शेडमध्ये संत्रा छाटते:
मोठा, मधला, चुरी.
रात्री तेच हात, नखांत सालीचा वास,
ए, बी, सी.
रोज पाच शब्द पाठ करायचे असं ठरलं होतं.
पण एक शब्द उघडला की त्याच्या अर्थात
दुसराच कोणी बसलेला, पाठ करून.
गावात नवख्यानं पत्ता विचारावा तसं:
उकंडरावचं घर कुठं? गिरणीच्या मागं.
गिरणी कुठं? उकंडरावच्या घरापुढं, अजून कुठं.
लेथार्जीच्या अर्थात टॉर्पर लिहिलेलं.
टॉर्परला मी काही पोचत नाही.
तो उधईच्या पोटात.

काही शब्द मात्र चेहरा घेऊनच येतात.
लॅकोनिक: मोजकंच बोलणारा.
आमचा मुकादम शालिक.
सकाळी "उचला", संध्याकाळी "ठेवा",
मधल्या नऊ तासांत एक खोकला.
ग्रेगेरियस: कळपात रमणारा.
देवकामावशी, जी पाणी प्यायलाही
एकटी जात नाही.
आणि अॅम्बिव्हॅलन्ट:
एकाच जिवाला एकाच वेळी हवं अन् नको.
हा वाचला त्या रात्री झोप नाही आली.
आदल्या रविवारी काटोलचे पाहुणे बघायला आले होते,
चहाचा ट्रे धरून उभी होते, कप किणकिणत होते.
आई आत विचारत होती, काय झालं वं तुले?
मराठीत मला सांगताच आलं नव्हतं.

वही भरली. मग पेटीच्या फळ्या होत्या.
सुताराच्या पेन्सिलनं आतल्या बाजूला
शब्द लिहायचे, तणस भरेपर्यंत घोकायचे,
मग वर संत्रा, मग खिळे.
शालिकनं एकदा पाहिलं,
जन्मात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला:
"काय लिहून राहिली वं पोरी पेटीत?"
म्हटलं, माल कोणता ते.
एफेमरल असा कलकत्त्याला गेला.
फ्रुगल बांगलादेशाच्या बॉर्डरवर
म्हणे चार दिवस ट्रकमध्ये सडला.
आणि गलिबल, म्हणजे कोणीही फसवावं असा भोळा,
घाईत फळीच्या बाहेरून लिहिला गेला.
दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला,
वो गलिबल मार्का बढिया था,
उसी के चालीस और भेजो.
मी चाळीस पेट्यांवर लिहिला.
एवढा पाठ दुसरा कोणताच शब्द नाही.

लोक म्हणतात, आता मोबाइलमध्ये सगळंच असतं.
असतं. आरच्या पुढचंही असतं.
पण तिथं शब्द विचारला तेवढाच समोर येतो,
आजूबाजूचं कोणी भेटत नाही.
हिच्यात मी नीड शोधायला गेले
अन् वाटेत नेक्टर लागला.
त्या दिवशी अंबियाचा बहार फुटला होता,
वावरभर मधमाश्या.

परीक्षा अमरावतीला.
पेपरात व्हेरासिटी आला. व्ही.
चार पर्यायांपैकी तिसऱ्याला खूण केली,
तिसरा जरा खरा वाटला म्हणून.
इंग्रजीत सॉरी मला म्हणता येतं, थँक्यू पण,
पण त्यांचे अर्थ मी वाचलेले नाहीत.
ज्याच्यासाठी हे सगळं केलं
तो व्होकॅब्युलरी शब्दसुद्धा माझ्याकडे नाही.

आज यादी लागणार म्हणून आलो आहोत,
माझ्या पुढं सत्तरएक, मागं मोजले नाहीत.
कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या कडेवर पोर.
पुढची पोट्टी विचारते, किती वाजले वं ताई?
घड्याळ बघते अन् मला डिक्शनरीचं शेवटचं पान दिसतं.
खालचा कोपरा, शेवटचा शब्द क्यू,
त्याचा अर्थ अर्धाच उरलेला:
एकामागं एक उभी माणसं,
वाट पाहत असलेली

आणि पुढं दातांची नक्षी.